पद्मिनीचे कागद

बाबांच्या लोखंडी कपाटात, सगळ्यांत खालच्या खणात, गाडीची फाइल होती. खाकी पुठ्ठ्याची, नाडीने बांधलेली. गाडी जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांच्या माघारी कपाट आवरताना ती हाताला लागली. "ही रद्दीत देऊ का?" आईने विचारलं. मी नको म्हटलं. नाडी सोडली तर आत ४१ कागद निघाले. आर.सी. बुक, विम्याच्या पॉलिसी, पीयूसीच्या चिठ्ठ्या, गॅरेजची बिलं, सुट्या भागांच्या पावत्या आणि काही नुसतेच चिठोरे.

आमच्या घरात प्रीमियर पद्मिनीबद्दल एकच मत आहे, ती बंद पडायची. आत्याला विचारलं तर ती माळशेज घाटाची कहाणी सांगते, ताईला विचारलं तर दहावीच्या परीक्षेच्या सकाळची. ही मतं इतक्या वेळा सांगून झाली आहेत की त्यांना पुराव्याचं वजन आलं आहे. मी मात्र ते ४१ कागद सालवार लावायला बसलो. त्यातून जे निघालं ते आमच्या आठवणींशी जुळत नाही.

सुरुवात आर.सी. बुकापासून. निर्मितीचं साल १९८४. नंबर जुन्या पद्धतीचा, एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे. आजची एम.एच. मालिका १९८९ साली नवा मोटार वाहन कायदा लागू झाला त्यानंतरची. पहिल्या मालकाच्या नावावर आडवी रेघ, खाली बाबांचं नाव आणि पत्ता: बी.के. नंबर, खोली नंबर, उल्हासनगर-१. बी.के. म्हणजे बराक. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिच्या बराकींमध्ये राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली. बराकी पडल्या, त्यांच्या जागी इमारती आल्या, तरी पत्त्यातली बी.के. ही दोन अक्षरं गेली नाहीत. आमचा कॅम्प १ शहाडच्या बाजूचा, उल्हास नदीच्या जवळचा आणि मुरबाड रस्त्याला लागून. नदी आणि रस्ता, दोन्ही पुढे या हकिगतीत येतात.

गाडी कोणती हे नीट सांगायला हवं. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११०० डी. इटलीत ती १९६२ साली निघाली आणि १९६६ साली तिच्या जागी पुढचं मॉडेल आलं. इकडे कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, ती १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने तयार होऊ लागली. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात नाव बदलून आधी 'प्रेसिडेंट' झालं, मग 'पद्मिनी'. गाडी तीच राहिली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे. बाबांची गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाच तिचं रेखाटन २२ वर्षांचं होतं. जुन्या गाडीचे दोष मोजताना ही २२ वर्षं बहुतेक जण विसरतात.

रेखाटन इतकं थांबून का राहिलं, याचा अंदाज सरकारी कागदांतून येतो. गाड्या कोणी बनवायच्या ते परवान्याने ठरे आणि किंमत सरकार ठरवी. १९६९च्या किंमत नियंत्रण आदेशाविरुद्ध मोटार कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यातल्या एका दाव्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचंच नाव आहे. १९७१च्या त्या निकालात उत्पादनखर्च आणि भांडवलावरचा परतावा यांचा बारीक खल आहे. एका खासगी मोटारीच्या किमतीचा हिशेब देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने करावा, इतका तो बाजार बांधलेला होता. अशा बाजारात साचा बदलण्याची निकड कोणाला वाटणार? डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा ती निकड पहिल्यांदा दिसली.

आता गॅरेजचे कागद. अडचण अशी की निम्म्याहून अधिक बिलांवर साल नाही. काहींवर नुसती तारीख आणि महिना, काहींवर तेही ऑइलच्या डागाखाली गेलेलं. तेव्हा कागदालाच विचारावं लागलं. दुकानाच्या छापील पत्त्यात ४२१००१ हा पिन कोड आहे. पिन कोड १९७२ साली सुरू झाले, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. फोन नंबर जास्त बोलतात. २००२-०३च्या सुमारास लँडलाइनच्या नंबरांआधी २ हा आकडा लागला. ज्या बिलावर सहा आकडी नंबर छापला आहे आणि आधी बॉलपेनने २ घातला आहे, ते त्या बदलानंतरचं, पण जुनं बिलबुक अजून संपलेलं नाही अशा वेळचं. तिसरी खूण विक्रीकराची. १ एप्रिल २००५ला महाराष्ट्रात व्हॅट आला. त्याआधीच्या पावत्यांवर बी.एस.टी. नंबर असतो, नंतरच्यांवर व्हॅटचा नंबर. फोन आणि कर या दोन खुणांवर मी कागदांच्या चार चळती केल्या. साल नेमकं सापडलं नाही तरी कोणतं बिल आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे बहुतेक ठिकाणी ठरलं.

एका चिठोऱ्याने मला आठवडाभर अडवलं. वहीच्या पानाचा तुकडा, त्यावर उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या तीन ओळी. अरबी वळणाची सिंधी. पुढच्या गल्लीतल्या एका वृद्ध सिंधी गृहस्थांकडे गेलो. आम्ही त्यांना लहानपणापासून दादा म्हणतो. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी धरला आणि बोट उजवीकडून सरकवत वाचलं, "पाण्याचा पंप, एक. रबर, एक जोड. बाकी साठ रुपये." मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, "साईं, हा हिशेब पुरा झालेला नाही. बाबांनी साठ दिले का नाही, ते इथं लिहिलेलं नाही." मी म्हटलं, "दिले असतील." "दिलेच असतील," ते म्हणाले आणि कागद घडी न मोडता परत दिला. उल्हासनगरातल्या मराठी माणसाच्या मोटारीचा इतिहास लिहायला दोन लिप्या लागतात हे मला त्या खिडकीपाशी कळलं.

चळती लावल्यावर दोष स्पष्ट दिसू लागले. सर्वांत जास्त वेळा येणारी नोंद 'पॉइंट, कंडेन्सर' अशी आहे. डिस्ट्रिब्यूटरमध्ये दोन बारीक टोकं उघडझाप करतात आणि त्यावर ठिणगी ठरते. ती टोकं जळतात, त्यांच्यातलं अंतर बिघडतं आणि गाडी सकाळी उठत नाही. यातल्या ज्या बिलांवर महिना वाचता येतो ती बहुतेक जून ते सप्टेंबरमधली आहेत. दमट हवा डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात शिरली की ठिणगी भलतीकडेच जाते. ताईच्या परीक्षेची सकाळ मात्र मार्चमधली, म्हणजे तो दोष वेगळा असणार. ती बॅटरी असावी असं मला वाटतं, कारण डायनॅमोचे ब्रश बदलल्याची एक पावती त्याच चळतीत आहे. डायनॅमोची गाडी गर्दीत हळू चालली की बॅटरी भरत नाही. कल्याणच्या पुलावर रोज संध्याकाळी अडकणाऱ्या गाडीला याचा त्रास जास्त होणार.

त्यानंतर पाण्याचा पंप, पाच वेळा. किंगपिन आणि बुश, तीन वेळा. चाकातल्या ब्रेक सिलिंडरचे रबर, चार वेळा. गिअरच्या दांड्यांचे बुश, दोनदा. स्टिअरिंगजवळचा तो गिअर थेट गिअरबॉक्सला जोडलेला नसतो, मध्ये दांड्या आणि सांधे असतात. सांधे झिजले की पहिला टाकायला जावं आणि तो मध्येच अडकावा, हे पद्मिनी चालवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. क्लच प्लेट दोनदा. बोअरिंग आणि नवे पिस्टन, एकदाच.

हा 'एकदाच' मला महत्त्वाचा वाटतो. मीटरला पाचच आकडे होते, त्यामुळे ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर जातो आणि बिलावरचं किलोमीटर वाचताना फसायला होतं. एका ठिकाणी तर लागोपाठच्या तीन बिलांवर तोच आकडा आहे. पहिल्यांदा मला वाटलं मेकॅनिकने मागचंच उतरवलं. चौथ्या बिलात 'मीटर केबल' अशी नोंद सापडली आणि उलगडा झाला, मधल्या काळात मीटर चालतच नव्हता. हे सगळं धरून हिशेब केला तर गाडी एक लाख किलोमीटरच्या बरीच पुढे गेली होती आणि त्यात इंजिन पूर्ण उघडलं ते एकदाच. बंद पडणारी गाडी म्हणून जिची ख्याती, तिच्या इंजिनाबद्दल कागद असं सांगतात.

पण इथे थांबणं बरोबर नाही. कागद फक्त पैसे गेले तेव्हाच लिहिला जातो. माळशेजची हकिगत घ्या. आमचं मूळ गाव ओतूरच्या बाजूला. मुरबाड रस्त्याने टोकावडे, मग घाट. मे महिन्यात चढावर गाडी धक्के देऊ लागायची आणि थांबायची. याला व्हेपर लॉक म्हणतात. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्याच अंगाला बसवलेला. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना इंजिन तापतं आणि समोरून वारा पुरेसा येत नाही. मग पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाचा पडदा हलत राहतो, पण ढकलतो वाफच, आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. उपाय सगळ्यांना माहीत होता. बॉनेट उघडायचं, ओलं फडकं पंपावर ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. आत्याच्या आठवणीत बाबा घाटात वळणावर उभे आहेत, फिरकीच्या तांब्यातलं पाणी पंपावरच्या फडक्यावर ओतत आहेत आणि ती पाण्याची उधळपट्टी म्हणून रागावते आहे. या थांबण्याचं बिल कोणी केलं नाही. फडक्याची पावती नसते. फाइलमध्ये पंपाचा पडदा बदलल्याच्या नोंदी फक्त दोन आहेत. तेवढ्यावरून पंपाचा त्रास क्वचितच झाला असं मी लिहिलं तर ते चूक ठरेल. या बाबतीत आत्याच्या स्मरणशक्तीला मी कागदापेक्षा वरचं स्थान देतो.

तरीही तिच्या आठवणीत एक गोष्ट मुळीच नाही, आणि ती कागदात सर्वांत मोठी आहे. पत्रा.

पद्मिनीला वेगळी चासी नाही. अंगाचा पत्रा हाच तिचा सांगाडा. जमिनीचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ कडा गाडीचं वजन पेलतात. या पोकळ्यांमध्ये पाणी आणि चिखल साचतो, बाहेरून रंग छान दिसतो आणि आतून पत्रा जात राहतो. मुंबई-ठाण्याच्या पावसात हे सगळ्याच पद्मिनींचं दुखणं. पुढच्या मडगार्डात दिव्यांभोवती, दारांच्या खालच्या कडेला, पायाखाली, जॅक लावायच्या जागी. आमच्या फाइलमधल्या चार डेंटिंग-पेंटिंगच्या बिलांची बेरीज केली तर ती बाकीच्या सगळ्या गॅरेज-बिलांच्या बेरजेपेक्षा जास्त भरते. मी तीनदा बेरीज केली. पहिल्या बिलात 'दरवाजा खाली, लांबी, अस्तर, कलर' एवढंच आहे. दुसऱ्यात पुढचे दोन मडगार्ड. तिसऱ्यात 'फ्लोअर डावा, पत्रा वेल्डिंग'. चौथ्यात दोन्ही फ्लोअर आणि दोन्ही कडा. दुखणं वरून खाली, कातडीकडून हाडाकडे सरकताना या चार कागदांत दिसतं.

तिसऱ्या आणि चौथ्या बिलाच्या मध्ये एक पावती आहे. साल नाही, महिना ऑगस्ट, आणि वर व्हॅटचा नंबर. म्हणजे २००५च्या आधीची ती असू शकत नाही. नोंदी अशा: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिफरेन्शियल ऑइल बदली, चारही ड्रम खोलून साफ, डायनॅमो ओव्हरहॉल, सीट काढून वाळवणे. तिन्ही ठिकाणचं ऑइल एकाच दिवशी बदलायची वेळ सहसा गाडी पाण्यात उभी राहिली की येते. २६ जुलै २००५ला उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्या चढल्या होत्या. कल्याण, उल्हासनगर, बदलापूर सगळीकडे पाणी शिरलं होतं. पावतीवर पुराचा शब्दही नाही. पण सीट वाळवण्याची मजुरी लावलेली आहे, आणि मला तेवढं पुरतं.

पुरानंतर गाडी पुन्हा सुरू झाली, हे त्याच पावतीच्या तळाशी 'ट्रायल ओके' म्हणून लिहिलं आहे. इंजिनाने पूर पचवला. पत्र्याने नाही. दुहेरी पत्र्याच्या आत गेलेला गाळ कोणी काढू शकत नाही.

पावत्यांत आणखी एक खूण दिसते. काही भागांपुढे 'कं.' आणि काहींपुढे 'लो.' कंपनीचा आणि लोकल. उल्हासनगरची नक्कल करण्याबद्दलची ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बाहेरची माणसं ती हसण्यावारी नेतात. आमच्या फाइलमध्ये 'लो.'चा भाग साधारण निम्म्या किमतीला आहे. तो कुठे बनला, ते पावती सांगत नाही. टिकला किती, ते मात्र काढता येतं. पाण्याच्या पाच पंपांपैकी 'लो.' खूण असलेले दोन एकमेकांच्या लगोलग बदलले आहेत, पुढचा 'कं.'चा पंप बरीच वर्षं पुन्हा दिसत नाही. उलट सायलेन्सर प्रत्येक वेळी लोकलच आहे आणि त्यात काही बिघडलेलं नाही. बाबा कुठे काटकसर चालते आणि कुठे नाही हे एकदा पैसे गमावून शिकले, असं या चार-पाच ओळींवरून म्हणता येतं. कंपनीचे भाग पुढे दुर्मिळ होत गेले. पद्मिनीचं उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं, आणि कल्याण-शीळ रस्त्यावरचा प्रीमियरचा दुसरा कारखाना, जिथे प्यूजो ३०९ बनत होती, तो त्याआधीच ओस पडला होता.

पद्मिनीचा शेवट कसा झाला याचे सार्वजनिक कागदही आहेत आणि ते टॅक्सीचे आहेत. मुंबईत १९९०च्या दशकात काळी-पिवळी म्हणजे जवळजवळ पद्मिनीच. धुराविरुद्धच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिले, जुन्या टॅक्सींना सीएनजीवर यावं लागलं. पुढे राज्य सरकारने वयाची मर्यादा घातली, आधी २५ वर्षं, मग २०१३ साली २० वर्षं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. वीस वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. या नियमांत पॉइंट, पंप, किंगपिन यांतलं काही नाही. त्यात मोजलेलं आहे ते वय. तीस-चाळीस वर्षं रोज दोन पाळ्यांत चाललेल्या मॉडेलबद्दल इतकं तरी म्हणायला हवं की त्याला रस्त्यावरून काढायला दोषांची यादी कोणाला करावी लागली नाही.

खासगी गाडीला तशी मर्यादा नव्हती. नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. आमच्या आर.सी. बुकाच्या मागे १९९९चा आणि २००४चा असे दोन शिक्के आहेत. तिसऱ्याची जागा कोरी आहे. तिथे पेन्सिलीने बाबांच्या अक्षरात 'फ्लोअर' एवढा एक शब्द आहे आणि पुढे एक आकडा, बहुधा डेंटरने सांगितलेला खर्च. चौथ्या बिलातला पत्रा पाच वर्षंही पुरला नव्हता.

फाइलमधले शेवटचे दोन कागद टाचणीने एकत्र लावलेले आहेत. एक भंगारवाल्याची चिठ्ठी. पद्मिनीचं मूळ वजन सुमारे ८९५ किलो, चिठ्ठीवर भरलं आहे सहाशेच्या आत. फरक इतका मोठा की माझा पहिला समज काट्याबद्दल वाईट झाला. दुसरा कागद वाचल्यावर तो समज मी मागे घेतला. ती एका टॅक्सीवाल्याची पोच आहे, हिंदीत, कल्याणचा पत्ता. 'इंजन और गिअरबॉक्स मिला, चालू हालत में.' खाली इंजिन नंबर. मी तो आर.सी. बुकातल्या नंबराशी एकेक आकडा ताडून पाहिला. जुळतो.